कमलबाईंचा लांबून काढलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुनी टेलिफोटो लेन्स आहे. लांबचं जवळ आणणं हे माझं काम. अंग ॲल्युमिनियमचं, लांबी वीतभरही नाही, पण हातात घेतलंत तर वाटते त्याहून जड लागेन. माझी भिंगं रशियातल्या एका कारखान्यात घासली गेली. तिथून फिरत फिरत मी सुरतेच्या बाजारात आले आणि शहाद्याच्या प्रेमचंदनानांनी मला आपल्या स्टुडिओसाठी घेतलं.

मी ज्या कॅमेऱ्यावर बसते त्याची एक गंमत आहे. फोटो माझ्यातून निघतो, पण काढणारा माझ्यातून पाहत नाही. तो पाहतो कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून. त्या खिडकीत भोवतालचं सगळं दिसतं आणि मधोमध एक लहानशी उजळ चौकट असते. माझ्या वाट्याला तेवढीच चौकट. तिच्या बाहेरचं नुसतं बघायचं, ते फोटोत येत नाही.

नानांनी माझ्याकडून खूप काम करून घेतलं. कुस्त्यांच्या दंगलीत मी मागच्या रांगेतून पहिलवानांच्या चेहऱ्यावरचा घाम टिपला. एकदा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या चिमणीला रंग देणारा माणूस टिपला. फोटो पाहून त्याची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "इतला उच्चा चढस हाऊ? माले कधी बोलना नही!" त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

मग मोबाइल आले आणि स्टुडिओ ओस पडला. नानांनी मला पुसून चामड्याच्या पिशवीत घातलं आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत ठेवली. ठेवलं प्रेमानंच, पण चामडं ओल धरून ठेवतं. अंधारात माझ्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली. तुम्हाला सांगते, घासून झिजणं बरं, पण हे असं आतल्या आत धूसर होणं नको.

मला बाहेर काढलं ते यामिनीनं. ती नानांच्या मुलीची मुलगी, राहायला जवळच्या प्रकाशा गावात. तिला तिच्या वडिलांच्या आईनं, कमलबाईंनी वाढवलं. आता यामिनी नर्सिंग शिकायला नाशिकला निघाली होती आणि आजीचा एकही फोटो घरात नव्हता. मोबाइल समोर आला की कमलबाई पदर तोंडावर ओढत. एकदा यामिनीनं चोरून फोटो काढला, तर त्यांनी तो पुसायला लावला आणि दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

"तुन्हा आजाना फोटू काढा," त्या म्हणाल्या, "आनि वरीसभरमा तो भितवर चढी गया. मन्हा हार आतेच गुफतस का?"

"भितवर नही लावसू, आजीमाय. मन्हा पेटीमा ठेवसू."

"पेटीमा कोंडशी माले? तठे वारा तरी लागई का?"

यामिनी हिरमुसून नानांकडे आली. नानांनी माझी बुरशी जमेल तेवढी पुसली आणि एक रोल तिला सरावाला दिला. त्या रोलमध्ये सगळा गोंधळ! यामिनी पूर्ण खिडकी भरून माणसं बसवायची. फोटोत कुणाचं नुसतं नाक, कुणाचं पोट, बैलाचं एकच शिंग.

नाना पोट धरून हसले. "पोरी, खिडकीमा सम्दं दिसस, पन फोटूमा चौकटमधलंच येस."

मग दोघं प्रकाशाला गेले. नाना आणि कमलबाई व्याही-विहीण, त्यामुळे टोमण्यांना तोटा नव्हता.

"याहीबाबा, तुम्हीनच पोरले या नादले लाई दिधं!"

"भ्या नका, इहीनबाई. पोरगी निंबखाले, तुम्ही आठे. मधमा आख्खं आंगन."

कमलबाईंनी नजरेनं लिंबाच्या झाडापर्यंतचं अंतर मोजलं. मग म्हणाल्या, "मी मन्हं काम सोडाव नही. आनि एकच काढजो. दुसरा काढा ते काच फोडसू."

मित्रांनो, काच म्हणजे मी!

अंगणात खाटेवर कापड पसरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत घातले होते. कमलबाई खाटेशी बसून ते उलटू लागल्या. यामिनीनं कडुलिंबाखालून खिडकीला डोळा लावला. खिडकीच्या मधल्या ठिपक्यात वस्तू आधी दोन दिसतात. माझी कडी फिरवत त्या एकावर एक आणायच्या, की फोटो स्पष्ट येतो. कमलबाईंच्या कपाळावरची दोन गोंदणं हळूहळू एक झाली. पण यामिनीचं बोट हललं नाही. आजीचा चेहरा ताठ होता, ओठ मिटलेले, जणू कुणी सुई टोचायला येतंय. असाच चेहरा भिंतीवर असतो.

एवढ्यात खिडकीच्या डाव्या कडेला शेजारच्यांची बकरी दिसली. ती कमलबाईंच्या पाठीमागून खाटेकडे येत होती. यामिनीनं ती पाहिली. ओरडावं तर आजी पदर ओढून उठणार आणि फोटो जाणार. गप्प राहावं तर आजीचे बिबडे जाणार. तिनं श्वास रोखला.

बकरीनं कडेचा बिबडा ओढला. "हाड! हाड!" कमलबाईंनी दुसरं टोक धरलं. बकरी सोडेना, कमलबाईही सोडेनात. पदर खांद्यावर घसरला. बिबडा टर्रकन फाटला आणि कमलबाई खदखदून हसल्या.

खट्.

"तुले दिसनी व्हती ना बकरी?" कमलबाईंनी विचारलं.

"व्हय, आजीमाय."

"आनि गप बसनी?"

"चौकटना भाहेर व्हती."

"मंग हाऊ फाटेल बिबडा आते तूच खाय!"

नानांनी त्याच रात्री न्हाणीघर काळोखं करून रोल धुतला. नाशिकची बस दुसऱ्या दिवशी होती. फोटो आला. माझ्या उरलेल्या बुरशीमुळे कडा धुक्यासारख्या पुसट झाल्या होत्या, पण मध्ये सगळं लख्ख. गोंदण, उरलेले दोन दात, बकरीची ताणलेली मान.

कमलबाईंनी तो उन्हाकडे धरून पाहिला. यामिनी पदराकडे बघत होती. पण पदर हलला नाही.

"हाई भितवर कोन लावई वं? बकरीसंगे भांडणारी बाई! हार घालाले ऊनात ते लोके हसतीन." आणि त्यांनी फोटो यामिनीच्या हातात दिला. "लई जाय नाशिकले. रडू ऊनं ते दखजो."

आता मी नानांच्या खिडकीतल्या उघड्या फळीवर असते. सकाळचा उजेड अंगावर येतो, त्यानं नवी बुरशी धरत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू कुणी जपून कोंडून ठेवली असेल, तर तिला बाहेर काढा, पुसा आणि ती चालवायला शिका. हात लागत राहिला तरच आम्ही टिकतो. आणि कुणाचा फोटो काढायचा असेल, तर आधी विचारा. मग चौकट लावून थांबा. घाई करू नका. माणूस आपला आपण हसेपर्यंत वाट पाहायला मला मुळीच कंटाळा येत नाही.