डबलसीट टेस्ट राईड

भिलाईत जन्मलो, भिलाईतच म्हातारा होऊन राहिलो, अन् मले दोन चाकाची कोणतीच गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. ज्या गावात शिफ्ट सुटली की गेटातून माणसांपेक्षा चाकंच जास्त बाहेर पडतात, त्या गावात! लहानपणी एकदा पडलो, गुडघा फुटला अन् जी भीती बसली ती उठलीच नाही. माझा बाप लहानू भंडाऱ्याकडून येऊन इथल्या स्टील प्लांटमध्ये लागला होता. त्यानं मले सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोचवलं. मग दोस्तांनी कॅरिअरवर नेलं. लग्न झाल्यावर सुनितानं आपल्या स्कूटीवर मांगं बसवलं. सारं आयुष्य डबलसीट गेलं, बाप्पा.

सुनिता सरकारी शाळेत शिक्षिका. रोज सकाळी मले प्लांटच्या मेन गेटजवळच्या माझ्या ऑफिसपाशी सोडायची, मग आपल्या शाळेत जायची. मी मांगं, मांडीवर दोघांचे डबे, एकदम ऐटीत. लोक विचारत, "धम्मपालभाऊ, वहिनी चालवतात अन् तुमी मांगं?" मी हसून म्हणायचो, "त्यात काय एवढं?" खोटं एक अक्षर बोललो नाही. पण आमच्या वस्तीतली माणसं चांगली, ती चांगलाच अर्थ काढतात. एका जयंतीले विहाराच्या अध्यक्षांनी मले स्टेजवर बोलावलं अन् माईकवर सांगितलं, "समता बोलायची नसते, जगायची असते. हा पाहा आपला धम्मपाल! बायको समोर, नवरा मांगं. लाज नाही, संकोच नाही."

लाज नाही हे मात्र खरं होतं, कारण त्यांनी दिलेला गुच्छ मी हात पुढं करून घेतला. सुनिता बायांच्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवून राहिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ तिनंच झाकून ठेवली होती.

यंदा सुनिताले प्रमोशन आलं. प्रधान पाठक, म्हणजे शाळेची मुख्य. पण शाळा उतई गावाले. उतई एकीकडं, माझं ऑफिस उलटीकडं अन् दोघांची वेळ एकच. ऑफिसातले बाबाराव आमच्याच सेक्टरमधून येतात, पण त्यांच्या मागच्या सीटवर नातू असते, त्याले शाळेत सोडायचं असते. ऑटोची वाट पाहावी, तर तो स्टेशनची सवारी भरल्याशिवाय हलत नाही.

"तू जा उतईले," मी छाती काढून म्हटलं. "मी आपली एक स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी घेतो."

"तुमी?" सुनितानं एवढंच विचारलं.

"हौ, मी! कमी स्पीडवालीले लायसन लागत नाही."

लायसन लागत नाही म्हणजे चालवताही यावी लागत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

मग मी अभ्यासाले लागलो. बॅटरी लेडची का लिथियमची, एका चार्जात किती चालते, बॅटरी काढून वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये आणता येते का, पाण्यातून गेली तर मोटर टिकते का. ऑफिसात ज्याले त्याले मी हे शिकवून राहिलो होतो. दोघं तर माझं ऐकून गाड्या घेऊनही आले. मी मात्र बाबारावांले घेऊन सुपेल्याच्या बाजारातली गाड्यांची दुकानं पालथी घालत होतो.

दुकानातली रीना नावाची पोरगी मोठी गोड. "सर, एक बार चला के तो देखिए."

"बाबाराव, तुमी मोठे," मी म्हणायचो. "पहिला मान तुमचा."

बाबाराव खूश. ते समोर, मी मांगं. एकूण एक गाडीची टेस्ट राईड मी डबलसीट घेतली. अन् उतरल्याबरोबर खोड काढायची. हिचा हॉर्न बारीक. हिची सीट उंच. हिचा निळा रंग डोळ्याले टोचते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

बाबाराव शेवटी वैतागले. "अबे, गाडी पाहून राहिला का जावई?"

असे दिवस जात होते. एका शनिवारी जेवताना सुनिता म्हणाली, "सोमवारी शिक्षण ऑफिसले कळवायचं आहे. नाही म्हणून सांगते मी."

"कावून?"

"तुमची गाडी काही येत नाही."

"येईल ना!"

"राहू द्या. मागच्या वेळीही नाहीच म्हटलं होतं. काय बिघडलं?"

माझा हात ताटातच राहिला. "मागच्या वेळी कधी?"

"चरोद्याले प्रमोशन मिळत होतं ना. तुमचा विहारात सत्कार झाला, त्याच महिन्यात." मीठ संपलं हे सांगावं तशी ती बोलली अन् मले आणखी वरण वाढलं.

माझ्या डोळ्यांसमोर तो गुच्छ आला अन् तिच्या त्या टाळ्या. चरोद्याले नाही म्हणून आली होती ती, अन् समतेच्या नावानं माझ्यासाठी टाळ्या वाजवून राहिली होती. असं वाटलं, ताटावरून उठून कुठंतरी निघून जावं. पण जाणार कुठं? सोडायले तीच लागली असती.

"नाही म्हणू नको," मी म्हटलं. "मले शिकव."

रविवारी सकाळी सेक्टरच्या मैदानावर तिनं मले स्कूटीवर समोर बसवलं. स्वतः मागून धरून पळत होती. तिनं हात सोडल्याचं मले कळलं तेव्हा मी सरळ बेशरमाच्या झुडपात होतो. क्रिकेट खेळणारे पोट्टे बॅट टाकून आले. "अंकल, ब्रेक! ब्रेक!" पुढच्या खेपेस त्यांनी आधीच झुडपापाशी जागा धरली. मी त्यांले निराश केलं नाही. कोपर सोलून निघालं, चष्मा वाकला.

"एका दिवसात नाही येत कोणाले," सुनिता माती झटकत म्हणाली. ती हसत नव्हती, त्याचंच मले जास्त लागलं.

दुपारी मी एकटाच ऑटोनं रीनाच्या दुकानात गेलो. पाहिलेल्याच गाड्या पुन्हा पाहून राहिलो होतो, तेवढ्यात एका कोपऱ्यात नजर गेली. धूळ बसलेली एक गाडी होती, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूले दोन लहान चाकं लावलेली.

"ये किसके लिए है?"

"सर, वो तो जिनके पैर में तकलीफ़ है, या बुज़ुर्ग लोग," रीना घाईघाईनं म्हणाली. "आपके लिए नहीं है."

"मेरे लिए ही है."

दुकानासमोर तिनं गाडी काढून दिली. मी बसलो. समोर कोणाची पाठ नाही, नुसता रस्ता! मूठ पिळली अन् गाडी निघाली. डावीकडं झुकलो, नाही पडलो. उजवीकडं झुकलो, नाही पडलो. "अरे, चालून राहिली!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की पानठेल्यावरचे लोक वळून पाहाले लागले. मागून रीना हेल्मेट घेऊन पळत होती.

त्या आनंदात गाडी घेऊनच टाकली, पण बॅटरी कोणती हे विचारायचं राहूनच गेलं. एवढा अभ्यास करून! घरी सुनितानं पाहिलं, तर बॅटरी काढून वर आणता येत होती तरी, नशीब.

सोमवारी तिनं हो कळवलं. रुजू व्हायच्या दिवशी आमी दोघं सोबतच खाली उतरलो. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. चौकापर्यंत ती माझ्या चालीनं हळूहळू चालवत होती. मग ती उतईकडं वळली, मी प्लांटकडं. मांगं वळून पाहायची माझी हिंमत नव्हती, म्हणून आरशात पाहिलं. तिनं स्पीड वाढवला होता.

गेटपाशी शिफ्टची गर्दी. हॉर्न, शिट्ट्या, हसणं. बाबाराव गाडी थांबवून पाहातच राहिले. "अबे धम्मपाल, ही लेकराची गाडी कोणाची? अन् वहिनी कुठं? संपली का तुमची समता?"

"वहिनी उतईले. शाळेची मुख्य झाली ती." अन् मग मी सांगूनच टाकलं. "मले दोन चाकाची गाडी चालवता येत नाही, बाबाराव. कधीच येत नव्हती. म्हणून मांगं बसत होतो."

"अन् त्या टेस्ट राईड? पहिला मान तुमचा?"

"तेही त्याच्यासाठीच."

बाबाराव पोट धरून हसाले लागले. दोनचार जणांले बोलावून त्यांनी तिथंच सारी गोष्ट सांगितली. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"पोचले मी," सुनिता म्हणाली. "तुमी पडले तर नाही ना?"

"या गाडीवरून पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही."

ती हसली. तिच्या मागून एका बाईचा आवाज आला, "बड़ी मैडम, बच्चे प्रार्थना के लिए खड़े हैं. आप आइए तो शुरू करें."

"ठेवते," ती म्हणाली.

मागून हॉर्नवर हॉर्न वाजून राहिले होते. माझ्या चार चाकांनी अर्धा रस्ता अडवला होता. मी फोन खिशात ठेवला अन् गाडीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. चांगल्या मोठ्यानं.

"अबे, आता काय झालं?" बाबारावांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मागच्या राहिल्या होत्या."