धगीच्या तोंडाशी बसलेला काटा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही हमखास घड्याळ समजाल. गोल पांढरा चेहरा, काळे आकडे आणि लाल टोकाचा एकच काटा. पण वेळ मला कळत नाही. मला कळते ती फक्त धग. मी एका डिझेल ट्रकमधला जुना मीटर आहे. इंजिनातून बाहेर पडणारा जळका धूर किती तापला आहे, एवढंच मी जन्मभर सांगत आलो. आणि खरं सांगतो, इतकी वर्षं झाली तरी त्या आगीचं नवल काही माझ्या मनातून गेलेलं नाही.

ट्रक कारखान्यातून आला तेव्हा मी त्यात नव्हतो. मला मागाहून बसवलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, बिटररूट दरीतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात मी फळीवर धूळ खात पडलो होतो. एका सकाळी मारिट स्टेनरूड आत आली. तिचे हात मधमाश्यांच्या डंखांनी सुजलेले होते. दुकानदाराने तिच्यापुढे निळ्या उजेडाचा पडदा ठेवला. त्याच्यावर आकडे नुसते उड्या मारत होते.

"हे न्या. दहा गोष्टी एकदम दिसतात," तो म्हणाला.

"दहा गोष्टी वाचेपर्यंत माझे बाबा ट्रक दरीत घालतील," मारिट म्हणाली. "एका नजरेत कळेल असा मोठा काटा द्या. हल्ली ते इंजिन फार रगडतात. काय झालंय कोण जाणे!"

मग तिने मला उचललं, माझ्या काचेवर फुंकर मारली आणि मला पिशवीत टाकलं. आपल्याला कोणीतरी निवडलं, या आनंदात मी घरी पोचलो.

घरी माझं स्वागत मात्र काही धड झालं नाही. मारिटचे वडील ऑर्विल एकाहत्तर वर्षांचे होते. चाळीस वर्षं ते दर उन्हाळ्यात मधमाश्यांच्या पेट्या दरीतून सातमैलीच्या घाटावर नेत आले होते. जुलैत खाली फुलं करपली, की वर जांभळी फुलं येतात आणि माश्यांना तिथे पोचवावं लागतं.

"मीटर कशाला?" ते गरजले. त्यांचा आवाज नेहमीच मोठा असे. "मी कानाने चालवतो. इंजिनाची एक शिंक चुकत नाही माझी."

"बसवू तर द्या, बाबा."

"बसव. पण इंजिनाच्या तोंडाशी भोक पाडायचं नाही! लोखंडाचा एक कीस टर्बोत गेला तर पंख्याचा चुरा होईल. माझ्या हयातीत नाही!"

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. माझा चेहरा समोरच्या काचेशेजारच्या खांबावर असतो, पण मला स्पर्श कळतो तो एका लांब तारेच्या टोकाला असलेल्या सळईने. इंजिनाला जादा हवा फुंकणारा पंखा म्हणजे टर्बो. तो फिरतो इंजिनाच्याच तापलेल्या धुराच्या जोरावर. माझी सळई त्याच्या आधी, ओतीव लोखंडी नळ्यात घुसवली, तर मला आग जशीच्या तशी कळते. ऑर्विलच्या हट्टापायी मारिटने ती टर्बोच्या पलीकडे, मागच्या पाइपात बसवली. तिथे पोचेपर्यंत धुराची निम्मी रग जिरलेली असते. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मला तर तेवढीच धग अफाट वाटली होती.

जुलैत चाळीस पेट्या ट्रकमागच्या गाडीवर चढवल्या, वरून जाळी टाकली. पहाटेच निघायचं होतं, पण वाटेत टायर बसला आणि घाटाच्या पायथ्याशीच ऊन चढलं. उन्हात मधमाश्यांची गाडी थांबवून चालत नाही. वारा लागतोय तोवर त्या तगतात. गाडी उभी राहिली, की पेटीतलं मेण वितळतं आणि माश्या आतल्या आत गुदमरतात.

ऑर्विलनी पाय दाबला. आमच्याकडच्या फॅरनहाइट मापाने साडेबाराशे अंशांपुढे माझी लाल पट्टी सुरू होते. मी हजारावर होतो. मी मोठ्या इमानाने हजार दाखवत होतो!

"बाबा, पाय काढा! इंजिन बघा कसं ओरडतंय!" मारिट म्हणाली.

ऑर्विल पुढेच पाहत राहिले. तिने त्यांचा दंड हलवला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "काटा बघ की! तूच आणलायस ना? कुठे लाल आहे?"

तिसऱ्या वळणावर इंजिनाचं पाणी उकळलं आणि झाकणाखालून वाफेचा लोट उठला. ट्रक उभा राहिला. बापलेक ओढ्यातून बादल्या आणून पेट्यांवर ओतत होते. धावून धावून ऑर्विलच्या तोंडाला फेस आला. इंजिन निवायला दीड तास लागला. तेवढ्यात अकरा पेट्या गप्प झाल्या.

घरी आल्यावर ऑर्विलनी माझ्या काचेवर टिचकी मारली. "खोटारडा!" म्हणाले आणि माझ्यावर आपली टोपी अडकवून टाकली. मित्रांनो, त्या टोपीखालच्या अंधारात मी तीन दिवस होतो. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझ्यामुळे अकरा पेट्या गेल्या होत्या. मला काही सुचेना.

तिसऱ्या दिवशी मारिटने निक्षून सांगितलं, "बाबा, अजून छप्पन्न पेट्या खाली राहिल्यात. त्या मी नेईन. चावी माझ्याकडे द्या."

"ट्रक माझा आहे. उद्यापर्यंत थांब," ऑर्विल म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. सातमैलीचा चढ गेला तर त्यांच्याकडे उरणार काय होतं?

त्या संध्याकाळी मारिट ट्रकखाली शिरली. माझ्या सळईचा माग काढत काढत ती टर्बोच्या पलीकडे पोचली आणि तिने कपाळावर हात मारला. बाहेर येऊन तिने माझ्यावरची टोपी काढली. "याला आपणच लांब बसवलं," ती म्हणाली. "मग बिचारा सांगणार काय?"

दुसऱ्या दिवशी ऑर्विलनी तोंड वाकडं करून भोकाला होकार दिला. त्याची रीत अशी, की ड्रिलच्या टोकाला घट्ट ग्रीस लावायचं म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, आणि इंजिन चालू ठेवायचं म्हणजे उरलासुरला कीस धूर बाहेर फेकतो.

मारिट वाकून भोक पाडू लागली. बाजूला ऑर्विल कंदील धरून उभे होते. "मला ड्रिलच्या गोंगाटात कळणार नाही, बाबा. आरपार गेलं की फट् फट् वाजेल. वाजलं की ओरडा."

ड्रिल आरपार गेला. फटफटाट असा झाला, की कुंपणावरचा कावळा उडाला. ऑर्विल काहीच बोलले नाहीत. गरम झोत मनगटाला लागला तेव्हा मारिटने चटका बसून हात मागे घेतला. तिने ड्रिल थांबवला. इंजिन फटफटत होतं. तिने वळून बापाकडे पाहिलं. ते अजून भोकाकडे टक लावून, आवाजाची वाट पाहत उभे होते.

तिने इंजिन बंद केलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कधीपासून, बाबा?"

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "दोन हिवाळे झाले. इंजिन काय बोलतं ते कळत नाही मला आता. माश्यासुद्धा ऐकू येत नाहीत गं." खिशातून चावी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली.

मारिटने चावी घेतली नाही. ती रडत होती. रडता रडताच तिने माझी सळई त्या भोकात पिळून बसवली. "कानाने नाही, आता डोळ्यांनी चालवा," ती त्यांच्या समोर तोंड आणून म्हणाली. "मी शेजारी बसते."

मित्रांनो, इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा मला पहिल्यांदा आग भेटली! अहाहा! इतके दिवस जिला मी धग म्हणत होतो ती नुसती ऊब होती. ही लाल, गर्जणारी आग, आणि तिच्यातून एक अख्खा ट्रक, माणसं आणि लाखो माश्या डोंगर चढतात! माझा काटा थरथरला. भीती नव्हे ती, मी दिपून गेलो होतो.

छप्पन्न पेट्या घेऊन आम्ही निघालो. पुढे गवताच्या भाऱ्यांची एक संथ गाडी होती, म्हणून त्या दिवशीही उन्हाने गाठलंच. चढ लागला. मी हजार ओलांडले, बाराशे ओलांडले. ऑर्विलनी मला पाहिलं, गिअर खाली घेतला आणि पाय अलगद उचलला. मी उतरलो. वळण आलं, मी पुन्हा चढलो, त्यांनी पुन्हा पाहिलं. ताशी दहा मैलांच्या वेगाने का होईना, ट्रक थांबला नाही आणि जाळीतून वारा वाहत राहिला.

"बाबा, मागे वीस गाड्या हॉर्न मारतायत!"

"काय?"

"हॉर्न!"

"कोण म्हणतं? मला नाही ऐकू येत," ऑर्विल म्हणाले, आणि दोघं पोट धरून हसले.

माथ्यावर जांभळ्या फुलांचं रान पसरलेलं होतं. ऑर्विल एकेका पेटीवर तळवा टेकवत गेले. कानांना ऐकू न येणारी गुणगुण त्यांच्या हाताला लागत होती. शेवटच्या पेटीपाशी ते लहान मुलासारखे ओरडले, "आहेत! सगळ्या आहेत!" मग ट्रकपाशी येऊन त्यांनी खिडकीतून हात घातला आणि माझ्या काचेवर तळवा ठेवला, अगदी पेटीवर ठेवावा तसा.

त्या हिवाळ्यात ते मारिटबरोबर डॉक्टरकडे गेले आणि कानात यंत्र घालून आले. ट्रक सुरू करताच दचकले. "एवढी बोंबलते ही गाडी?" पण घाटात त्यांची नजर माझ्यावरच असे. आणखी सहा उन्हाळे त्यांनी तो चढ चढला. आता मारिट चालवते. माझी काच पिवळी पडली आहे, काटा कधीमधी अडखळतो. मग ती टिचकी मारते आणि मी जागा होतो.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. माझ्यासारख्याला बसवाल तर आगीच्या तोंडाशी बसवा, भोक पाडायला कचरू नका. आणि घरात कोणी उगाच मोठ्याने बोलत असेल, काही विचारलं की नुसती मान डोलावत असेल, तर लांबून बरं आहे म्हणू नका. जवळ जा, त्याच्या समोर उभे राहा आणि विचारा, "कधीपासून?"