टाकीवरचं नाव

'शेवंती मार्का स्टोव्ह ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो पेटवणे आजपासून बंद करावे', हे वाक्य पत्र्याच्या भोंग्यातून शुक्रवार पेठेत सोडून बडेसाब टांग्यातून उतरला, तर सारजाबाईच्या दारातून त्याच स्टोव्हची फरफर ऐकू येत होती.

"वैनी, हवा सोडा अगुदर," तो उंबऱ्यातूनच म्हणाला.

सारजाबाईनं पिठाच्या हातानं चावी सैल केली. ज्योत बसली. तव्यावरची भाकरी अर्धकच्चीच राहिली.

हे स्टोव्ह नवी पेठेतल्या दुकानात बडेसाबनंच विकलेले. टाकीवर टिचकी मारून तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, ऐका, देवळातली घंटा. आता कारखान्यानंच कळवलं होतं की या खेपेच्या टाकीच्या सांध्याचा डाख तापला की सुटतो. जुना परत घ्या, बदली नवा फुकट द्या. मालकानं बडेसाबला सूचनांचा कागद दिला, भोंगा दिला, टांगा दिला आणि स्वतः गल्ल्यावर बसून राहिला.

बुडाला चांदणीचा छाप आहे का ते पाहावे.

होता. पण स्टोव्ह उलटा करताना बडेसाबला टाकीच्या पोटावर घातलेलं नावही दिसलं. सारजाबाईच्या नवऱ्याचं, कोंडीबाचं अक्षर. भांड्यांवर नावं घालण्यातच त्या माणसाची हयात गेली. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं अख्ख्या पेठेच्या हंड्या-परातींवर टाके मारले, आणि त्याच्या स्वतःच्या घरात मात्र सगळीकडे सासऱ्याचं नाव, कारण भांडी आली ती बायकोच्या माहेरून. नवरा-बायकोनं मिळून घेतलेली वस्तू म्हणजे हा एक स्टोव्ह. त्यावर कोंडीबानं तिचं नाव घातलं. सौ. नाही, बाई नाही, आपलं नावही जोडलं नाही. 'बघ, तुझं घातलंय,' एवढंच म्हणाला. त्याला जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या.

घरी दुरुस्त करू नये, दुसऱ्यास देऊ नये, जपून ठेवू नये, कारण...

सारजाबाई म्हणाली, पेटवत नाही, नुसता फळीवर ठेवते. बडेसाबनं सांगितलं, सगळे तसंच म्हणतात. मग पाहुणे येतात, सरपण ओलं निघतं आणि फळीवरचा स्टोव्ह खाली येतो. यावर ती म्हणाली, फुटला तर फुटला, आपल्यामागं रडायला कोण बसलंय.

"तुमच्यामागं कोन न्हाय," बडेसाब म्हणाला, "पर भिंतीमागं अजीजाचं तान्हं निजलंय की."

शेजारच्या अजीजाचं बाळ तेवढ्यात कुरकुरलंही. सारजाबाई हाताचं पीठ चोळत बसली. चोळून चोळून हात कोरडे झाले, तेव्हा तिनं स्टोव्ह पुढे सरकवला.

टाकीतले रॉकेल काढून स्टोव्ह रिकामा द्यावा.

रॉकेल बाटलीत काढलं, पण रिकामा स्टोव्ह द्यायला ती तयार होईना. दुसऱ्याच्या घरी भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. भोंग्याचा हुकूम तिथं चालला नाही. तिनं शेंगाचटणीची पुडी बांधली आणि पंपाच्या दांड्याला लटकवली. कारखानदाराला तिखट सोसंल का, असं बडेसाबनं विचारलं.

"त्येलाबी सोसू द्या की थोडं," ती म्हणाली.

बडेसाबनं नवा स्टोव्ह आणून ठेवला आणि जुना उचलायला वाकला, तेव्हा तिनं पदर डोक्यावर घेतला.

"भाऊ, मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय त्येवर, तेवडं म्हना एकदा."

"तुमाला ठावं हाय की."

"ठावं हाय. ऐकलं न्हाय."

सगळ्या संसारात कोंडीबानं तिला 'अगं' आणि 'ऐकलंस का' यापलीकडे हाक मारली नव्हती. बायकोचं नाव तोंडानं घ्यायची त्याला लाज वाटे, घरात दोघंच असली तरी. बडेसाबनंही तिला वैनीखेरीज कधी काही म्हटलं नव्हतं. त्यानं गल्लीत पाहिलं. टांगेवाला घोड्याला चारा घालत होता. सकाळपासून ओरडून बसलेला घसा त्यानं खाकरून मोकळा केला, बोट अक्षरांवर ठेवलं आणि अगदी हळू वाचलं.

"सारजा."

"जी," म्हणत सारजाबाई उठून उभी राहिली.