पहिला फूट नसलेली टेप

मी मोजणीची टेप बोलतेय. चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली, शंभर फुटांची कापडी टेप. खरं तर नव्याण्णव फुटांची.

लखनौच्या एका वास्तुकला महाविद्यालयात आले तेव्हा मी अख्खी होते. मुलांच्या ओढाताणीत माझं टोक फाटलं. भांडारातल्या आत्मारामांनी पहिला फूट कापून पितळी कडी पुढे शिवली. तेव्हापासून मी प्रत्येक माप एक फूट जास्त सांगते.

१९७९च्या डिसेंबरात तिसऱ्या वर्षाची मुलं एका दिवसासाठी अलाहाबादच्या पत्थर गिरजाघराची, म्हणजे तिथल्या जुन्या दगडी चर्चची, मापं घ्यायला निघाली. आदल्या दिवशी गटप्रमुख गजेंद्र मला न्यायला आला. सोबत लखनौच्याच महानगर वस्तीत राहणारी मराठी उल्का होती. तिचे वडील टपाल खात्यात कारकून.

"काका, नकाशा दिल्लीच्या प्रदर्शनात लागणार! खाली आम्हा चौघांची नावं. बाबा रजा काढून बघायला येणारेत."

"अच्छा! मग नीट धर गं टेप," आत्माराम हसले.

ती वर्गाकडे पळाली. मग त्यांनी गजेंद्रला बजावलं, "पहला फुट कटा है. हर नाप में से एक घटाना."

"हाँ हाँ, चचा."

गिरजाघरात टोकदार कमानी इतक्या उंच, की मुलांचे आवाज वरच हरवत होते. रंगीत काचांतून थोडासा लाल-निळा उजेड फरशीवर पडला होता.

"उल्का, तू ज़ीरो पकड़." गजेंद्रने माझं कडीचं टोक तिच्या हातात दिलं.

"हर बार मैं ही? मुझे भी पढ़ने दे यार."

"मैडम, खंभे से चिपकी रहो, अच्छी लगती हो!"

सगळे हसले. ती दिवसभर गार फरशीवर गुडघे टेकून माझी कडी खांबांना लावत राहिली. गजेंद्र आकडे वाचत गेला. एक फूट वजा करायचा, हे तो विसरला होता.

लखनौला परतल्यावर बेरीज जुळेना. खांबांमधली अंतरं मिळून भिंतीपेक्षा लांब भरत होती. मी सरांच्या टेबलावरच होते.

"ज़ीरो किसके हाथ में था?" सरांनी विचारलं.

गजेंद्रने नुसतं उल्काकडे पाहिलं. सरांनी नकाशाखालच्या नावांतून तिचं नाव खोडलं.

त्याच संध्याकाळी गजेंद्रने प्रत्येक मापातून बरोबर एक फूट वजा केला आणि नकाशा चोख जुळला. एकच फूट का, हे सरांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उल्काने भांडारात मला उलगडलं.

"काका, ही तर एकपासून सुरू होतेय!"

"गजेंद्रला सांगितलं होतं मी, पोरी."

"मग सरांना सांगा ना! आत्ता चला."

आत्माराम नोंदवहीकडे बघत राहिले. "माझी नोकरी अजून कच्ची आहे गं. कापलेली टेप दिली म्हणून मलाच धरतील."

ती गेल्यावर त्यांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला तोंड नाही. त्यांना होतं.

उल्काचे बाबा दिल्लीला गेले नाहीत. वर्षभरात त्यांची बदली झाली आणि उल्काचं कॉलेज सुटलं, ते सुटलंच. नकाशा कौतुक होऊन परत आला. अजून व्हरांड्यात काचेमागे टांगलेला आहे.

आता १९८८. पोलादी टेपा आल्यात. मला बुरशी लागली आहे, निकामी सामानाच्या यादीत माझं नाव चढलंय. मला खुशाल फेका. पण त्याआधी, आत्माराम, एकदा मला घेऊन सरांकडे चला. तुमची नोकरी कायम होऊन सात वर्षं झाली. त्या नकाशावर तीन नावांखाली एका नावाची जागा अजून रिकामी आहे.