नारिंगी वायर

चौक गावाला हायवेच्या कडेला रोहिदासचं गॅरेज आहे. तीस वर्षं इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा हा माणूस गेले तीन महिने दर सोमवारी गॅरेज बंद ठेवून खोपोलीला, शिळफाट्याच्या वाचनालयात जात होता. गावात कुणी विचारलंच तर, "पार्ट आणायला." बावन्नाव्या वर्षी पुस्तक उघडून बसतो म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी त्याची टर उडवली असती. इलेक्ट्रिक गाड्यांचं ते जाडजूड पुस्तक घरी न्यायला मिळत नव्हतं, म्हणून ग्रंथपाल हर्षलाने त्याला एक वही दिली होती. तिच्यात तो सगळं उतरवून घ्यायचा.

आज तसली पहिली गाडी दारात आली, पोशीर गावच्या नवीन नावाच्या तरुणाची. बॉनेट उघडलं, आतल्या नारिंगी वायरी दिसल्या आणि रोहिदासने हात मागे घेतला. जीव घेणारा करंट याच वायरींतून जातो, हे त्याला पाठ होतं. पण खरी भीती त्याला स्वतःच्या हाताची वाटत होती. करंट आहे का बघायला वायर पत्र्यावर टेकवून ठिणगी काढायची, ही त्या हाताची तीस वर्षांची खोड. नकळत हात पुढे गेला की संपलंच.

त्याने रबरी मोजे चढवले, बॅटरीची मुख्य जोडणी काढली. आता थांबायचं, कारण करंट लगेच उतरत नाही. पण किती मिनिटं? वहीतल्या नेमक्या त्या आकड्यावर त्याच्याच अंगठ्याचा ग्रीसचा काळा ठसा होता. पाच असावीत. पाच तर होऊन गेली.

"काय रं दादा, भ्यायलास का?" नवीन हसला.

भ्यायलाच होता तो. मरणाला आणि लाजेला, दोन्हीला. शेवटी त्याने नवीनसमोरच हर्षलाला फोन लावला.

"मॅडम, ते गाडीचं पुस्तक काढा जरा. जोडणी काढल्यावर किती मिन्टं थांबायचं? माज्या वहीतलं पुसलंय."

"तू वाचनालयात शिकतोस?" नवीनचे डोळे मोठे झाले.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "काका, दहा मिनिटं. आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात लावू नका!"

सात मिनिटं झाली होती. रोहिदासने मीटरच्या पिना जपून टेकवल्या. एकशे ऐंशी व्होल्ट. पाचव्या मिनिटालाच तो आत हात घालणार होता. पिना काढून तो तसाच बाकावर बसला.

नवीन गाडीपासून दोन पावलं मागे सरला. "दुसरीकडं नेऊ का गाडी?" आता त्याच्या आवाजात मस्करी नव्हती.

"ने," रोहिदास म्हणाला. "नायतर बस हितं. मी अजून शिकतोय. घाई मला करायची नाय."

नवीन शेजारी येऊन बसला.

"किती मिन्टं झाली रं, दादा?"

"आठ."