मधूनच आलेली

ओक-बुन दुकानात मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेलं तिखट लोणचं, डब्यांत भरत होती. समोरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "लेक काय करते हल्ली?"

"सोलला असते. विद्यापीठात."

हे सांगताना तिचा आवाज अभिमानाने चढला. आधीची दोन वर्षं ती याच प्रश्नाला "परीक्षेची तयारी करतेय" असं उत्तर द्यायची. खरं तर तेव्हा तिची लेक ह्ये-रिम इथेच, गुन्सानच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती आणि वर्गात पहिली येत होती. पण राजधानीबाहेरच्या त्या कॉलेजचं नाव घरात लाजेने कुणी घेत नसे. दिवसा तास आणि उरलेल्या वेळात विद्यापीठ-बदलीच्या परीक्षेचा अभ्यास करून ती सोलला तिसऱ्या वर्षात गेली. निघताना आईने बजावलं होतं, "आधी कुठे होतीस ते बोलू नकोस, बाई. उगाच कशाला?"

नव्या वर्गात सगळ्यांच्या अंगात विद्यापीठाचं जॅकेट आणि त्याच्या बाहीवर प्रवेशाचं वर्ष होतं. तिच्याकडे जॅकेटच नव्हतं. प्रकल्पगटाचा प्रमुख ग्यू-हो कॉलेज बदलून आलेल्या एका मुलाबद्दल बोलत होता. "मागच्या दाराने यायचं आणि डिग्री मात्र आपलीच घ्यायची! बरं, ह्ये-रिम, तू कुठल्या बॅचची?"

"तुमच्या आधीच्या बॅचची. मध्ये दोन वर्षं सुट्टी घेतली होती मी," ती म्हणाली.

त्या एका खोट्यासाठी रोज नवं खोटं लागू लागलं. पहिल्या वर्षाचे सर, सहली, कॅन्टीन, सगळं रचावं लागे. संध्याकाळी खोलीवर आली की बूट काढायचंही त्राण नसे.

नोव्हेंबरात तिच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचं पोस्टर प्रदर्शन भरलं. गुन्सानहून सोल-बी आली होती. दोन वर्षं दोघी एकाच बाकावर बसलेल्या. सोल-बी लांबूनच ओरडली, "अगं ए! किती वाळलीस गं!"

ग्यू-हो शेजारीच उभा होता.

"तुमची काहीतरी चूक होतेय," ह्ये-रिम त्याच्याकडे चोरून बघत म्हणाली.

सोल-बीने हलवलेला हात खाली घेतला. मग परक्या माणसापुढे वाकतात तशी कमरेतून वाकली. "माफ करा हं. चेहरा सारखा वाटला."

शनिवारी ह्ये-रिम गुन्सानला गेली. जुन्या प्रयोगशाळेत सोल-बी परीक्षानळ्या धूत होती. ह्ये-रिम दारातच रडू लागली.

"रडू नको गं. त्या पोराकडे बघितलंस, तेव्हाच कळलं मला," सोल-बी थकल्या आवाजात म्हणाली. "मीही यंदा बदलीची परीक्षा देतेय. एकच सांग. पास झाले, तर मलाही तुला ओळखायचं नाही का?"

ह्ये-रिमने बाह्या सरसावल्या आणि उरलेल्या नळ्या धुवायला घेतल्या.

सोमवारी गटाच्या सादरीकरणाला ती उभी राहिली. "मी ह्ये-रिम. दोन वर्षं गुन्सानच्या कॉलेजात शिकले, यंदा बदलून आले. सुट्टीचं खोटं होतं. आज जी पद्धत दाखवणार आहे, ती मला तिथल्या बाईंनी शिकवली."

मागे कुणीतरी हसलं. पुढच्या प्रकल्पाच्या यादीत ग्यू-होने तिचं नाव घातलं नाही, तिने एकटीने काम केलं. तिने फोनवर आईला हे सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, "लोकांना आता काय सांगू मी?"

"मी गुन्सानला शिकले असं सांग, आई."

पलीकडे आईने फ्रीज उघडून डबे रचायला घेतल्याचा आवाज येऊ लागला. ह्ये-रिमने फोन ठेवला नाही.

समोरच्या पोरीला तिचं नाव विचारायच्या आधी आपण कॉलेजचं नाव विचारतो. तिचा चेहरा उतरतो, तो आपल्याला दिसत नसेल का?