पायरीचा माड

उनैसीने शेवटची चटई गुंडाळली, काथ्याने करकचून बांधली आणि उद्याच्या ट्रकसाठी दाराशी उभी केली.

"वहिनी, चुलीतली राखपण बांधून घेतेस की काय?" अपेनिसाने बाहेरून विचारलं. तो तिचा दीर, आणि गावचा मुखियाही. "वर नवी चूल आहे, सौर दिवे आहेत. सरकारने काही म्हणून कमी ठेवलं नाही."

"असू दे," ती म्हणाली.

भरतीचं पाणी हल्ली घरात शिरायचं. फिजीच्या सरकारने बुडणारी गावं डोंगरावर हलवायची ठरवली, त्यात यांचंही नाव लागलं. राजधानीहून, सुव्याहून आलेली सरकारी मंडळी भली होती. थडगीसुद्धा वर नेऊ म्हणाली. पण उनैसीच्या सेरूला थडगंच नव्हतं. एकुलता एक मुलगा, मासेमारीला गेला तो परतलाच नाही. त्याचा म्हणून उरला होता एक माड. इथे पोर जन्मलं की त्याची नाळ पुरून तिच्यावर माड लावतात, तसा लावलेला. खारं पाणी मुळाशी गेलं आणि त्याचा शेंडा गळून पडला.

"सेरूचा माड असा पाण्यातच सोडायचा?" अपेनिसाने आवाज उतरवून विचारलं.

"वाळलाय तो. काय करायचं ते करा."

तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. आतून ती पार बधिर झाली होती. कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायला लागले तेव्हा ती भांड्यांत भांडी घालत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ट्रक डोंगर चढला. नव्या घरांना रंगाचा वास होता. तिच्या दाराशी पायरी म्हणून माडाचा ओंडका बसवला होता.

"सेरूला तुझ्या दारातच आणलंय, वहिनी," अपेनिसा लाजत हसला. "पोरं काल अंधार पडेपर्यंत खपली. ये, ठेव पाय."

उनैसीने पाय उचलला. नारळ काढायला चढता यावं म्हणून सेरूने लहानपणी पाडलेल्या खाचा ओंडक्यावर तशाच होत्या. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी दुखलं. पाय तसाच मागे घेऊन ती घराला वळसा घालून गेली. मागचं दार रंगाने चिकटलं होतं. तिने ते खांद्याने ढकललं.

अपेनिसाचं हसू मावळलं. तो थोडा वेळ ओंडक्याकडे बघत राहिला. मग ट्रकवरच्या चटया खांद्यावर घेऊन तोही मागूनच आत गेला.

तिच्याकडे गाव अजून मागच्याच दाराने जातं.